मास्तरांच्या गरिबीचा पंचनामा

"माणसाने एकवेळ उपाशी निजावे, पण सरकारपुढे हात पसरू नये," असे अंबादास मास्तर हुपरीकर केरबाच्या गोठ्यासमोर उभे राहून म्हणाले, आणि दूध घ्यायला जमलेल्या आठदहा माणसांनी माना डोलावल्या. हे वाक्य बोलताना मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात सरकारी शिक्षण-कर्जाचा कोरा अर्ज होता. तो मिळवण्यासाठी आदल्या दिवशी त्यांनी अडीच तास रांगेत उभे राहून एका खिडकीतून हात आत घातला होता. खिडकीतून आत घातलेला हात म्हणजे पसरलेला हात नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. भूगोलाचे शिक्षक असल्यामुळे कुठली सीमारेषा कुठून काढायची, हे त्यांना बरोबर कळत असे.

कर्ज हवे होते सरूसाठी. सरूचे पूर्ण नाव सरस्वती. मुलगी झाली तेव्हा पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांपैकी एकीचे नाव ठेवायचे असे मास्तरांनी ठरवले होते. पण कुंभी, कासारी आणि भोगावती ही तिन्ही नावे कालिंदीबाईंनी बाळंतिणीच्या खाटेवरूनच नामंजूर केली. चौथी तुळशी, ती दारात आहेच, म्हणाल्या. राहिली सरस्वती. ती गुप्त असल्यामुळे नकाशात दाखवता येत नाही, एवढीच मास्तरांची तक्रार होती. तर ही सरू चौऱ्याहत्तर साली इंटर सायन्सला गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव मार्क मिळवून बसली आणि तिला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. साठ मुलगे आणि दोन मुली, त्यांतली एक ही. जुलैच्या एकतीस तारखेच्या आत पैसे तरी भरायचे, नाहीतर सरकारी कर्जासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तरी दाखवायचा. म्हणजे कॉलेज पैशांसाठी थांबणार. दोन्ही नसले, तर जागा पुढच्या नंबराला.

मास्तरांचा पगार महिना चारशे दहा. पैसे भरण्याचा प्रश्नच नव्हता. सरू याबद्दल काही बोलत नसे. रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर फक्त थोडा वेळ उभी राही. बोलली असती तर बरे, असे मास्तरांना वाटे.

अर्ज तीन प्रतींत भरायचा होता. त्यात 'पालक हयात आहेत काय' असा एक रकाना होता आणि अर्जावर सही पालकानेच करायची होती. मास्तरांनी थोडा विचार करून 'होय' असे लिहिले. पुढे 'असल्यास पुरावा जोडावा' असे छापलेले होते. मग मुख्याध्यापकांचा पगाराचा दाखला, मग दोन जामीनदार, आणि शेवटी पगाराखेरीज दुसरे उत्पन्न नाही व एकूण उत्पन्न वर्षाला सहा हजारांच्या आत आहे असा मामलेदार कचेरीचा दाखला. तो स्थानिक चौकशी करून मिळणार होता.

"गल्लीत अक्षर काढायचं नाही," मास्तरांनी घरात बजावले. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचेत?" कालिंदीबाई म्हणाल्या. "तुमच्या कोटाला मागे ठिगळ आहे. ते तुम्हाला दिसत नाही, लोकांना दिसतं."

मास्तरांनी या वाक्याकडे दुर्लक्ष केले. आणि पुढचे सगळे रामायण त्या एका दुर्लक्षातून घडले. कारण गल्लीला कर्जाची गोष्ट आधी सांगितली असती, तर गल्लीने रिवाज पाळला नसता.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीचा रिवाज असा होता, की लग्नाची मुलगी असलेल्या घराची कुणी परका माणूस येऊन चौकशी करू लागला, की तो स्थळाकडचा समजायचा. लग्न हा शब्द त्याने काढायचा नाही, आपणही काढायचा नाही. तो म्हणणार, "घर कसं आहे?" आणि आपण ते घर वाढवून सांगायचे, मग ते आपल्या वैऱ्याचे का असेना. मागच्या वर्षी केरबा आणि गुळाचे अडते बाळासो यांची गटारावरून कोर्टात केस चालू होती. तरीही बाळासोच्या बहिणीची चौकशी करायला आलेल्या पाहुण्याला केरबाने बाळासोच्या मालकीचे दोन ट्रक मोजून दाखवले होते. बाळासोकडे सायकल होती.

अशा या गल्लीत एका दुपारी मास्तर शाळेत आणि कालिंदीबाई अंबाबाईच्या देवळात गेलेल्या असताना मामलेदार कचेरीतले चौकशी कारकून गणपतराव आले. काळी टोपी, हातात छत्री, काखेत कातड्याची बॅग. सरकारी कारकून आणि मुलाचा मामा यांच्यात पोशाखावरून फरक करणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

"हुपरीकर मास्तर इथंच राहतात का?"

"व्हय की. बसा पावणं," केरबा म्हणाला आणि म्हशीखाली पितळी पेला धरून त्याने पाहुण्याच्या हातात फेसाळ दूध दिले.

"घरात माणसं किती?"

"तीन. पोरगी एकुलती एक."

"वय?"

"अठरा. गुणाची हाय. मान वर करून बगत न्हाई."

हे गणपतरावांनी लिहिले नाही. "शेतीवाडी?" त्यांनी विचारले.

"हुपरीला बारा एकर," केरबा म्हणाला. "आठ एकर ऊस, चार एकर शाळू. हिरीवर इंजिन हाय."

हुपरीशी मास्तरांचा संबंध आडनावापुरता उरला होता. जमीन कुळकायद्यात गेली त्याला सतरा वर्षे झाली होती.

"इंजिनं दोन हाईत," समोरच्या दारात भाजी निवडत बसलेली तानाबाई म्हणाली. "त्यातलं एक बंद असतंय." खोट्यात असे चिमूटभर मोडके काहीतरी घातले की ते खरे लागते, हे तिला अनुभवाने माहीत होते. "आणि वैनींच्या अंगावर काय दिसत न्हाई म्हणून जाऊ नगासा. सगळं पेटीत असतंय."

एवढ्यात बाळासो जेवून बाहेर आला. काय चालले आहे हे त्याला विचारावे लागले नाही. "मास्तर माज्या अडतीत चार आण्याचे भागीदार हाईत," तो दात कोरत म्हणाला. "शाळेत जात्यात ते आपलं येळ जावा म्हणून."

गणपतरावांनी दूध संपवले, मिशा पुसल्या, सगळे लिहून घेतले आणि ते गेले. एका गरिबाच्या मुलीचे कल्याण केल्याच्या समाधानात गल्लीने दुपारची झोप काढली. संध्याकाळी मास्तर दिसताच केरबा म्हणाला, "पेढं तयार ठेवा, मास्तर," आणि हसला. कर्जाची बातमी फुटली असे वाटून मास्तर कानापर्यंत लाल झाले. ते पाहून केरबाची उरलेली शंकाही फिटली.

जुलैच्या एकविसाला दोन पाकिटे आली. पहिल्यात लिहिले होते की चौकशीअंती अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न बावीस हजार चारशे इतके आढळल्याने दाखला देता येत नाही. दुसरे पाकीट पुरवठा खात्याचे होते. चार एकर शाळू ज्वारीवरची सरकारी लेव्ही अद्याप का घातली नाही याचा खुलासा करावा आणि चार क्विंटल ज्वारी सरकारी गोदामात आणून द्यावी, अन्यथा कारवाई होईल. मास्तरांनी शेतातली ज्वारी आयुष्यात फक्त नकाशात पाहिली होती, ठिपक्यांच्या रूपात.

"चार क्विंटल?" कालिंदीबाई म्हणाल्या. "डब्यात चार शेर आहे. ती पाठवू?"

सरूने कॅलेंडर भिंतीवरून काढून घडी करून ठेवले. तेव्हा मास्तरांनी छत्री उचलली आणि कचेरी गाठली.

"मास्तर," गणपतराव म्हणाले, "एकट्यादुकट्यानं सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. सगळी गल्ली खोटं बोलेल का?"

"बोलेल," मास्तर म्हणाले. त्यांनी रिवाज समजावून सांगितला.

गणपतरावांनी तो शांतपणे ऐकला. "मग तीच गल्ली आता खरं बोलेल, हे कशावरून?"

याचेही उत्तर गणपतरावांकडेच तयार होते. फेरचौकशीचा अर्ज, त्यावर तिकीट, आणि घरी पाच पंचांसमक्ष गरिबीचा पंचनामा. मास्तरांनी आजवर पंचनामा हा शब्द फक्त खून आणि घरफोडी यांच्या संदर्भात ऐकला होता.

"पंच गल्लीतलेच पाहिजेत?"

"ज्यांनी श्रीमंत केलं, त्यांनीच गरीब करायचं."

त्या संध्याकाळी अंबादास मास्तर पुन्हा केरबाच्या गोठ्यासमोर उभे राहिले. पंधरा दिवसांपूर्वी ज्या जागी त्यांनी उपाशी निजण्याचा उपदेश केला होता, तीच जागा. त्यांनी दोनदा घसा साफ केला. "मंडळी, एक सांगायचं आहे. मी गरीब आहे."

केरबाने धार काढायचे थांबवले.

"कोण म्हणतंय, मास्तर?" तो हळू आवाजात म्हणाला. "नाव सांगा फकस्त. बगतो त्येच्याकडं."

"मीच म्हणतोय."

मग सगळे सांगावे लागले. कर्ज, अर्ज, गणपतराव, ज्वारी. तानाबाईने कपाळाला हात लावला. "अगं बया, त्यो मामा नव्हता व्हय? म्या मेलीनं दोन इंजिनं दिली की त्येला."

पण गल्लीचे एक होते. ज्या तडफेने तिने मास्तरांना श्रीमंत केले होते, त्याच तडफेने ती आता त्यांना गरीब करायला लागली. सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणाले दाढी वाढवा. कुणी म्हणाले पडवीची चार कौले काढून ठेवू. बाळासो म्हणाला, "कोट तेवढा तसाच ऱ्हाऊ द्या, त्याला काय करायला नको." मास्तरांच्या मनात कालिंदीबाईंचे वाक्य डोकावून गेले.

ठरल्या दिवशी सकाळी तानाबाई चार बायका घेऊन आली आणि सामान आपल्या घरी हलवून घर रिकामे करू लागली. रेडिओ गेला. हाताची खुर्ची गेली. पितळी हंडे, घड्याळ, कपबशा, आरसा, एवढेच काय, लोणच्याची बरणी गेली. लोणचे मुरलेले होते आणि मुरलेले लोणचे खातेपिते घर दाखवते, असे तानाबाईचे मत होते. मास्तर दारात उभे राहून एकेक वस्तू जाताना बघत होते. आपण इतके श्रीमंत आहोत, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

गणपतराव चार वाजता आले. घोंगड्यावर बसले. समोर पाच पंच: केरबा, तानाबाई, बाळासो आणि बोळातले दोघे, ज्यांना कशाचेही पंच होण्याची हौस होती. सरू आतल्या दाराशी उभी होती.

"शेती?" गणपतरावांनी सुरुवात केली.

"न्हाई," केरबा म्हणाला. "कुंडीसुदिक न्हाई."

"मागच्या वेळी बारा एकर होती."

"ती आमीच दिलती. आमीच काढून घेतली."

"इंजिन?"

"एक बंद होतं," तानाबाई म्हणाली. "दुसरं बी न्हाई."

"दूध किती घेतात?"

"अर्धा शेर," केरबा म्हणाला. "त्ये बी मी पाणी घालून देतो, म्हंजी पुरतंय." एका सरकारी कागदावर आपण काय कबूल केले हे त्याच्या उशिरा लक्षात आले. पण मास्तरांसाठी त्याने ते मागे घेतले नाही.

इथवर ठीक चालले होते. पण दारी आलेला माणूस चहाशिवाय जाणे त्या गल्लीत शक्य नव्हते आणि मास्तरांच्या घरात कप उरला नव्हता. म्हणून तानाबाईने आपल्या घरून चहा मागवला. तो स्टीलच्या ताटलीतून आला. गणपतरावांनी कप उचलला आणि ताटलीवर कोरलेली अक्षरे सावकाश वाचली: सौ. कालिंदी अंबादास हुपरीकर.

"हे तुमच्या घरी कसं?" त्यांनी तानाबाईला विचारले.

तानाबाईची पापणी लवली नाही. "माज्याकडं गहाण हाय," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. पडण्यासारखे तिथे काही शिल्लक नव्हते, तेव्हा त्या कालिंदीबाईच असाव्यात. मास्तरांनी मान खाली घातली. हुपरीकरांच्या घरातली ताटली गहाण पडली होती आणि ती पाच पंचांसमक्ष लिहिली जात होती.

गणपतरावांची नजर आता ओसरीवर गेली. सगळे घर हलवताना तिथला फळा हलवायचा राहून गेला होता. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा होता, घाटांच्या आणि नद्यांच्या रेषांसकट, आणि खडू अजून ताजा होता.

"शिकवण्या करता, मास्तर," गणपतराव म्हणाले. आवाज बदलला होता. "शिक्षक मंडळी हेच उत्पन्न दडवतात."

मास्तरांकडे रोज संध्याकाळी बारा पोरे शिकायला येत. त्यांनी कधी कुणाकडून पैसा घेतला नव्हता. विद्या विकायची नसते, असे एक त्यांचे वेगळे वाक्य होते. पण फुकट शिकवतो म्हटले तर कचेरीतला कुठला माणूस विश्वास ठेवणार? सरूने दाराची चौकट धरली.

बाळासोने खोकला काढला. "शिकवणी कसली, सायेब," तो म्हणाला. "मास्तरांच्याकडं पोरगं कोण घालतंय? त्यास्नी शिकवाय येतच न्हाई की."

मास्तरांचे डोके वर आले. बाळासोचा थोरला मुलगा तीनदा नापास होऊन चौथ्यांदा मॅट्रिक झाला होता, तो याच ओसरीवर बसून. मास्तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा भारत हात न उचलता एका रेषेत काढत, आणि तो बघायला दुसऱ्या शाळांचे मास्तर येत. पंचवीस वर्षांत त्यांना कुणी वाटेल ते बोलले होते. पण हे कुणी बोलले नव्हते. त्यांनी तोंड उघडले.

"मास्तर, तुम्हीच सांगा," गणपतराव लेखणी वर धरून म्हणाले. "येतं की नाही?"

मास्तरांनी दाराकडे पाहिले. सरू त्यांच्याकडे बघत नव्हती. भिंतीवर कॅलेंडर होते तिथे आता नुसता खिळा होता, त्या खिळ्याकडे बघत होती.

"बाळासो म्हणतात ते खरं आहे," मास्तर म्हणाले. "नाही येत."

"मग हा नकाशा?"

"चुकलाय."

"कुठं?"

मास्तर उठले. फळ्याला तोंड करून, नकाशा पाठीआड झाकून उभे राहिले. बोटाने त्यांनी घाटमाथ्यावरचा एक ठिपका पुसला आणि खडूने तो दुसरीकडे काढला. पंचवीस वर्षांतली ती त्यांची पहिली चूक होती आणि ती त्यांनी शांतपणे, डोळे उघडे ठेवून केली. मग ते बाजूला झाले.

"गगनबावडा," ते म्हणाले. "अरबी समुद्रात गेलाय."

गणपतरावांनी चष्मा लावून नीट पाहिले. "ती माझी सासुरवाडी," ते म्हणाले. "पाऊस आहे तिकडं. पण इतका नाही." आणि त्यांनी लिहिले: अर्जदारास शिकवता येत नसल्याने शिकवणीचे उत्पन्न नाही. चार पंचांनी सह्या केल्या, तानाबाईने अंगठा उठवला, आणि खाली अर्जदाराने वाचून, समजून सही केली.

दाखला एकोणतीस तारखेला हातात पडला. लेव्हीची नोटीस मागे घेतल्याचे पत्रही आले, त्यात ज्वारी तूर्त घालू नये असे कळवले होते. जामीनदार म्हणून बाळासो न सांगता आला. सही करताना म्हणाला, "शिकवाय येत न्हाई म्हणलो, त्ये मनावर घेऊ नगा. बाकीचं समदं मनापासनं बोललो."

पंचनाम्याच्या संध्याकाळी ओसरीवर कुणी नसताना सरूने अरबी समुद्रातला ठिपका पुसला आणि गगनबावडा पुन्हा घाटमाथ्यावर आणून ठेवला. मास्तरांनी ते आतून पाहिले.

सरू एस.टी.ने सांगलीला गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मास्तर कोट घालून केरबाच्या गोठ्यावर गेले. ठिगळावर कालिंदीबाईंनी नवा टाका घातला होता. माणसे जमली होती. मास्तरांनी घसा साफ केला.

"कर्ज म्हणजे लाचारी नव्हे," ते म्हणाले. "कर्ज म्हणजे राष्ट्राने नागरिकावर टाकलेला विश्वास. तो पेलायला ताठ कणा लागतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्धा शेर दूध, ज्यात त्या दिवशी खरोखरच पाणी नव्हते, भांड्यात घेऊन मास्तर निघाले, तसा केरबा पाठोपाठ बोळापर्यंत आला.

"मास्तर, एक काम हुतं. आमच्या पोराचं, कृष्णातचं नाव शेतकी कॉलेजात लागलंय. त्यो कर्जाचा अर्ज आमी बी भरलाय. सोमवारी गणपतराव सायेब चौकशीला येणार हाईत."

मास्तरांना भरून आले. गल्लीला आता त्यांची गरज होती. "काळजी करू नकोस, केरबा," ते म्हणाले. "मी पंच म्हणून येतो. सांग, काय बोलायचं?"

"न्हाई, बोलायचं काय न्हाई," केरबा मान खाजवत म्हणाला. "तेवढ्या चार म्हशी सोमवारच्या दिवस तुमच्या दारात बांधतो. कुणी इचारलं, तर तुमच्याच म्हणा."